सलाईनचं गणित एकटीच्या माथी नको

“सिस्टर, ही बाटली कधी संपणार?”

मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी बत्तीस वर्षं नोकरी केली. हा प्रश्न कानावर पडला नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. विचारणाऱ्याला शेवटची कर्जत लोकल पकडायची असते, घरून डबा आणायचा असतो, नाहीतर नुसतीच काळजी असते. उत्तर देणारीला मात्र तेवढ्यात एक गणित सोडवावं लागतं. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायची म्हणजे तासाला सव्वाशे मिलिलिटर. सेटच्या, म्हणजे बाटलीपासून हातापर्यंतच्या नळीच्या, पाकिटावर २० थेंबांचा एक मिलिलिटर असं छापलं असेल तर मिनिटाला ४२ थेंब, १५ थेंबांचा असेल तर ३१. लहान मुलांच्या मायक्रोड्रिपला ६० थेंबांचा मिलिलिटर, त्यामुळे तिथे तासाचे मिलिलिटर तेवढेच मिनिटाचे थेंब. आकडा निघाला की हातातलं घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरशेजारी धरायचं, थेंब मोजायचे आणि नळीवरचा वेग कमी-जास्त करणारा रोलर केसभर वरखाली करत नेमक्या आकड्यावर आणायचा. पेशंटनं कूस बदलली, हात कोपरात दुमडला, कुणी स्टँड खाली घेतला, की ते ४२ पुन्हा ४२ राहत नाहीत.

साधी सलाईन बहुतेकदा चूक पोटात घालते. धडधाकट तरुणाला एक लिटर आठऐवजी सहा तासांत गेली तर तो दोनदा बाथरूमला जातो, एवढंच. हृदय किंवा किडनी थकलेल्या म्हाताऱ्याला तेवढीही सवलत नसते. आणि त्याच बाटलीत पोटॅशियम टाकलेलं असेल तर कुणालाच नसते. आपल्याकडे मिळणारा पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल १० मिलिलिटरचा, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक). हाताच्या शिरेतून तासाला १० च्या वर जाऊ द्यायचं नाही, हा आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेला नियम. अर्धा लिटर सलाईनमध्ये एक अँप्यूल घालून चार तासांवर लावली की तासाला पाच जातं. सुरक्षित. तीच बाटली अर्ध्या तासात रिकामी झाली तर हृदयाची लय बिघडू शकते.

अर्ध्या तासात कशी रिकामी होईल, असं वाटेल. मी ती तशी होताना पाहिली आहे. जुलाबानं गळून गेलेली एक बाई, वय साठच्या आसपास. तिच्या मुलाला कुणीतरी सांगितलं होतं की सलाईन संपली की डिस्चार्ज मिळतो. मी चार खाटा पलीकडे एका पेशंटला रक्त लावत होते. तेवढ्यात त्या मुलानं रोलर सरळ वर ढकलला. आईवरच्या मायेपोटीच. नशिबानं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतली बारीक नळी, निम्मी बंद पडली होती, त्यामुळे धार लागली नाही, आणि मी वळून पाहिलं तेव्हा बाटली फार उतरलेली नव्हती. त्या मुलाला मी रागावले नाही. ती बाटली साधी नाही हे त्याला कुणी सांगितलं होतं? मीही नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून मी बॉलपेननं ‘केसीएल’, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एवढंच लिहिलं होतं, ते वाचून त्याला काय कळणार!

हे झालं वॉर्डातलं गणित. आयसीयूतलं गणित याच्या कितीतरी पुढचं असतं. बीपी कोसळलेल्या पेशंटला ते वर आणणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालू करा, असं डॉक्टर सांगतात: वजनाच्या दर किलोला, दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगानं ढकलणाऱ्या सिरिंज पंपाला मात्र ना किलो कळतो ना मायक्रोग्रॅम. त्याला फक्त तासाचे मिलिलिटर कळतात. मग सिस्टर मांडते: पेशंट ६० किलोचा, म्हणून मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम. तासाला ६० पट, ३६० मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम औषध, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०, साडेचार. पंपावर ४.५ लावायचं. गणित पाचवीतलं आहे. पण त्यात किलोनं एक गुणाकार, मिनिटाचा तास करायला एक, मिलिग्रॅमचा मायक्रोग्रॅम करायला एक हजारपट, आणि शेवटी एक भागाकार. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरायला जागा. ४.५ मधला टिंब पंपावर नीट दाबला गेला नाही तर ४५, म्हणजे दहापट. शिवाय ते ६० किलो कुणी मोजलेले असतात? काट्यावर उभा राहू न शकणारा पेशंट. नातेवाईक म्हणतात ‘असेल साठेक’, आणि पेपरवर साठ चढतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे गणित अवघड आहे म्हणून धोक्याचं नाही. ते दर वेळी नव्यानं, प्रत्येक युनिटच्या वेगळ्या रिवाजानं आणि एकट्या माणसाकडून करून घेतलं जातं, म्हणून धोक्याचं आहे. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांनी हे गणित सिस्टरच्या डोक्यातून काढून कागदावर, लेबलवर आणि खरेदीच्या करारात बसवायला हवं. ते शक्य आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे.

माझी स्वतःची चूक सांगते. चूक होता होता राहिली, असं म्हणणं जास्त बरोबर.

मेडिसिनचा वॉर्ड, रात्रपाळी. मंजूर खाटांपेक्षा पेशंट जास्त, दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या. नेहमीचंच. एका पेशंटची साखर पाचशेच्या घरात, श्वासाला तो गोडसर वास, म्हणजे मधुमेहात रक्तात आम्ल साचतं तो डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस. ऑर्डर आली: ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट इन्सुलिन, तासाला सहा मिलिलिटर. ही ऑर्डर मी शेकडो वेळा भरली होती. हाताला पाठ: आपल्या वॉर्डातली इन्सुलिनची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज एकदा पूर्ण भरायची, ते ४० झाले. वर आणखी दहाची रेघ. एकूण सव्वा मिलिलिटर.

त्या रात्री वॉर्डातलं इन्सुलिन संपलं होतं. अशा वेळी करतात तेच केलं, नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी दिली आणि त्याला बाहेरच्या केमिस्टकडे पाठवलं. तो धावत गेला, धावत आला. बाटली तशीच, तेवढीच, औषध तेच. मी लाल टोपणाची सिरिंज काढली, पहिल्यांदा भरली, ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये रिकामी केली, दुसऱ्यांदा सुई खुपसली. बरोबरची सिस्टर शेजारी दुसऱ्या पेशंटचं अँटिबायोटिक विरघळवत होती. तिची नजर बाटलीवर गेली आणि ती म्हणाली, “अगं, ही शंभरची आहे.”

केमिस्टच्या कपाटात जी होती ती त्यानं दिली होती. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. माझे ‘पन्नास’ म्हणजे खरे सव्वाशे झाले असते. पंपावर सहा लावल्यावर तासाला सहा युनिटऐवजी पंधरा गेले असते. साखर उतरताना पाहून आम्हाला आधी समाधानच वाटलं असतं, आणि मग पहाटे कधीतरी पेशंट घामानं थबथबलेला, हाक मारली तर ओ न देणारा सापडला असता. सापडला असता तर! त्या वॉर्डात आम्ही दोघी होतो.

भरलेली सिरिंज आम्ही फेकली, नवी भरली, लेबल लावलं. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना मी ही गोष्ट सांगितली नाही. इन्चार्ज सिस्टर चांगल्या होत्या, तरी सांगितली नाही. कारण आमच्याकडे चूक कळवायचा एकच रस्ता होता, मेमो. मेमो मिळाला की तो सर्व्हिस बुकला चिकटतो, चार माणसांत नाव निघतं. घडलेली चूक मेमोच्या भीतीनं लपते, तिथे न घडलेली चूक कोण आपणहून सांगणार? पण त्या सकाळी मी बोलले असते तर शेजारच्या वॉर्डाला कळलं असतं की बाहेरून शंभरची बाटली येऊ लागली आहे. मी गप्प बसले. त्याची बोच मला आजही आहे.

या विषयावर बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हल्लीच्या मुलींचं गणित कच्चं आहे, त्यांना शिकवा. शिकवायलाच हवं. निवृत्तीनंतर मी तेच करते. माझ्या आईच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करून घेत. बाजारात साडेतीन शेर सव्वा रुपयानं किती, हे आई कागदाला हात न लावता सांगायची. मी मुलींना फॉर्म्युला सांगण्याआधी हा अदमास शिकवते. उत्तर काढायच्या आधी उत्तर साधारण केवढं असेल ते बोला. तासाला सव्वाशे मिलिलिटर, २० चा सेट, तर तीननं भागा: चाळीसच्या जवळपास यायला हवं. १५ चा सेट, चारनं भागा: तीसच्या आसपास. कॅल्क्युलेटरनं ४२० दाखवलं तर तुमच्या आतून कुणीतरी ‘छे’ म्हणायला हवं. परीक्षेच्या गाइडमध्ये १५ चा सेट असतो आणि वॉर्डात हाती २० चा येतो, म्हणून पाठ केलेला आकडा नको, पाकीट वाचा. शून्याचंही तसंच: अर्धा लिहायचा तर ०.५, नुसतं .५ नाही, पाच लिहायचे तर ५, त्यापुढे टिंब आणि शून्य नाही. फोनवर ऑर्डर आली तर ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ हे एकेक आकडा सुटा बोलून परत विचारा; मराठीतसुद्धा पंधरा आणि पन्नास घाईत कानाला जवळचेच लागतात.

हे सगळं करूनही चूक होते. ज्यांना केवळ शिक्षणावर भिस्त ठेवायची आहे त्यांनी २००६ साली कॅनडातल्या एडमंटन शहरात काय झालं ते पाहावं. तिथल्या कॅन्सर रुग्णालयात एका बाईला फ्लुओरोयुरासिल हे औषध छोट्या पंपातून चार दिवसांत जायचं होतं. ते चार तासांत गेलं. ताशी १.२ मिलिलिटरऐवजी पंपावर २८.८ लावलं गेलं होतं. २८.८ हा आकडा हवेतून आला नव्हता. तो औषधाच्या लेबलवरच छापलेला होता, चोवीस तासांचा दर म्हणून, १.२ हा तासाचा दरही तिथेच होता. हिशेब करताना चोवीसनं भागायचं राहून गेलं, आणि आलेलं उत्तर लेबलवर समोर दिसलं, म्हणून बरोबर वाटलं. दुसऱ्या नर्सनंही तपासलं होतं. ती बाई काही आठवड्यांत गेली. पुढे तिथल्या चौकशीनं नर्सचं गणित कच्चं होतं एवढ्यावर विषय संपवला नाही. लेबल कसं छापलं होतं, पंपाची रचना कशी होती, तपासणीची पद्धत कशी होती, हे सगळं त्यांनी उकलून पाहिलं.

यातली दुसरी नर्स मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडेही ‘डबल चेक’चा शिक्का असतो. प्रत्यक्षात काय होतं? एक सिस्टर गणित करते, दुसरीला विचारते, “साडेचार ना गं?” दुसरी हातातलं काम न सोडता म्हणते, “हो.” पेपरवर दोन सह्या होतात, डोकं मात्र एकच चाललेलं असतं. उत्तर कानावर पडलं की मन त्याच उत्तराकडे चालू लागतं. खरी तपासणी म्हणजे पहिलीनं आकडा झाकून ठेवायचा आणि दुसरीनं ऑर्डरपासून पुन्हा सुरुवात करायची: पेशंटचं नाव, वजन, बाटलीवरची ताकद, सिरिंजमधलं प्रमाण, दर. मग दोन्ही आकडे समोरासमोर ठेवायचे. लोकलमध्ये गार्डनं दोन घंटा दिल्या, मोटरमननं त्या परत दिल्या, की मगच गाडी हलते. रोज लाखो माणसं त्या दोन घंटांच्या भरवशावर डोळे मिटून बसतात. पोटॅशियम, इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपारिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांना एवढा मान मिळायला काय हरकत आहे?

प्रत्येक औषधाला अशी तपासणी शक्य नाही, हे मला मान्य आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी. मुंबईत ज्यानं कधी कुणाला अ‍ॅडमिट केलं आहे त्याला हा आकडा वाचून गहिवरून येईल. पदं भरा ही मागणी आम्ही मोर्चात केली, निवेदनांत केली, आणि ती सोडायची नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही. म्हणूनच तपासायची औषधं मोजकी ठेवा आणि गणितच कमी करा.

गणित कमी करायचं म्हणजे काय? आज नॉरअ‍ॅड्रेनॅलिन एका युनिटमध्ये ‘सिंगल स्ट्रेंथ’, ५० मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम; शेजारच्या युनिटमध्ये ‘डबल स्ट्रेंथ’, ८ मिलिग्रॅम. डॉक्टर बदलले की रिवाज बदलतो. सिस्टरची पोस्टिंग बदलली की तिनं नवा रिवाज शिकायचा. एका सकाळी मी पाहिलं आहे: रात्रीची सिरिंज संपली, सकाळच्या पाळीनं डबल भरून लावली, पंपावरचा ४.५ तसाच राहिला. दहा मिनिटांत वरचं बीपी दोनशेच्या पुढे. भरणारीनं बरोबर भरली होती, लावणारीनं पंपाला हातही लावला नव्हता. चुकलं कोण? वर आणखी एक गुंता. हे औषध बायटार्ट्रेट या क्षाराच्या रूपात येतं आणि २ मिलिग्रॅम क्षारात मूळ औषध साधारण १ मिलिग्रॅमच असतं. ‘चार मिलिग्रॅम’ म्हणजे क्षाराचे की मूळ औषधाचे, हे ऑर्डरमध्ये लिहायची पद्धत नसेल तर दुपटीची चूक आधीच घरात येऊन बसलेली असते. मुलांच्या आयसीयूत तर काही औषधांसाठी वजनाला तीननं गुणून तेवढे मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये घालायची रीत आहे. त्यानं पंपाचा आकडा सोपा होतो, ताशी एक मिलिलिटर म्हणजे किलोमागे मिनिटाला एक मायक्रोग्रॅम. पण प्रत्येक बाळाची सिरिंज वेगळ्या ताकदीची बनते. याच जातीची पद्धत अमेरिकेत ‘रूल ऑफ सिक्स’ म्हणून चालायची. तिथे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं ती सोडायला लावली आणि ठरावीक ताकदी ठरवायला सांगितल्या.

आपणही ठरवू शकतो. प्रौढांच्या आयसीयूसाठी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची एक ताकद, फार तर दोन, आणि दुसरीला वेगळ्या रंगाचं लेबल. त्या ताकदीचा एक तक्ता: डावीकडे वजन, वर डोस, चौकटीत पंपाचा आकडा. तो तक्ता शांत डोक्यानं, दिवसाउजेडी, फार्माकॉलॉजी, भूल आणि नर्सिंग या तिन्ही विभागांनी बसून काढायचा, तपासायचा, सही करायची. मग रात्री सिस्टरला बोट फिरवून आकडा शोधायचा असतो, जन्माला घालायचा नसतो. डॉक्टरांच्या स्वातंत्र्यावर यामुळे गदा येते, असं एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला ऐकवलं होतं. त्यांचा मला आदर आहे. पण डोस ठरवणं हे त्यांचं स्वातंत्र्य. तो किती पाण्यात कालवायचा, यात पेशंटचं काय हित अडलं आहे?

दुसरं उत्तर मिळतं, पंप घ्या. पंप हवेतच, आणि आहेत त्यापेक्षा खूप जास्त हवेत. पोटॅशियमची बाटली रोलरच्या भरवशावर सोडणं मला आजही पटत नाही. पण पंप गणित करत नाही, दिलेला आकडा इमानानं पाळतो, चुकीचासुद्धा. अमेरिकेत औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएकडे २००५ ते २००९ या काळात इन्फ्यूजन पंपांबाबत सुमारे ५६,००० घटना नोंदल्या गेल्या आणि कंपन्यांना ८७ वेळा पंप परत बोलवावे लागले. ज्या पंपात औषधांची यादी आणि डोसची मर्यादा भरून ठेवता येते, ते ४५ दाबल्यावर ओरडतात. पण ती मर्यादा भरायला आधी ताकद ठरलेली लागते. तक्त्याआधी पंप घेतला तर तो महागडा रोलरच ठरतो.

आता खरेदीविषयी. माझ्या मते सगळ्यात मोठी किल्ली इथेच आहे. मुंबई महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं आणि उपनगरांतली सर्व रुग्णालयं मिळून औषधांची किती मोठी गिऱ्हाईक आहेत! मध्यवर्ती खरेदी खात्याच्या निविदेत एक अट घालता येईल: वॉर्डासाठी इन्सुलिन एकाच ताकदीचं. सगळीकडे ४० चं किंवा सगळीकडे १०० चं, पण एकच, आणि सिरिंजही त्याच मापाची. सलाईनचे सेट एकाच थेंबमापाचे. हेपारिनची पाच मिलिलिटरची बाटली आपल्याकडे ५,००० युनिटचीही मिळते आणि २५,००० युनिटचीही. दोन्ही एका कपाटात नकोत. २००६ मध्येच अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात हेपारिनच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांची अशीच गल्लत होऊन तीन नवजात बाळं दगावली. पोटॅशियमचे सुटे अँप्यूल सर्वसाधारण वॉर्डाच्या ट्रेमधून काढून कुलपात ठेवा, किंवा आधीच मिसळलेल्या बाटल्या घ्या. इंग्लंडनं २००२ साली रुग्णसुरक्षेची पहिली सूचना काढली ती नेमकी याच पोटॅशियमसाठी होती. आणि साठा संपू देऊ नका. बाहेरून आणा म्हणून दिलेली चिठ्ठी गरीब माणसाच्या खिशाला चाट लावते हे सगळे बोलतात. ती चिठ्ठी वॉर्डात अनोळखी ताकदीची बाटली आणते, हे कुणी बोलत नाही.

शेवटी कायद्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर कलम १०६ (१) प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. हा व्यावसायिक कोण, ते कायद्यानं स्पष्ट केलं आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे असते, म्हणून ती यात येत नाही. एकाच खाटेपाशी एकानं ऑर्डर लिहायची, दुसरीनं ती भरायची. चूक झाली तर पहिल्याला दोन वर्षांची मर्यादा आणि दुसरीला पाच. डॉक्टरांना सवलत का दिली, असं माझं म्हणणं नाही. रुग्णाच्या उपचाराची ऑर्डर पाळणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेला त्याच वाक्यात जागा द्या, एवढंच मागणं आहे. पाच वर्षांच्या छायेत कुठली मुलगी ‘मी शंभरच्या बाटलीतून चाळिसाच्या सिरिंजनं काढलं होतं’ असं सांगायला पुढे येईल?

आणि तिनं पुढे यायला हवं असेल तर वॉर्डात मेमोपासून वेगळी वही हवी. नाव लिहायची सक्ती नाही, शिक्षा नाही, सर्व्हिस बुकशी संबंध नाही. काय होणार होतं, कुणाच्या किंवा कशाच्या लक्षात आल्यामुळे टळलं, एवढ्याच दोन ओळी. दर महिन्याला मेट्रन आणि एका डॉक्टरनं ती वाचायची आणि काय बदललं ते फळ्यावर लिहायचं. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद कळवायला देशात २०१० पासून यंत्रणा आहे, उपकरणांच्या दोषांसाठी २०१५ पासून आहे, आणि परिचारिकाही तिथे कळवू शकतात. त्याच सवयीची ही घरातली धाकटी वही.

वाचकांपैकी कुणाचं माणूस उद्या अ‍ॅडमिट होईल. रोलरला हात लावू नका. सलाईन लवकर संपली म्हणून कुणी लवकर घरी जात नाही. बाटलीवर नुसती सलाईन आहे की आत औषध घातलं आहे, आणि ती किती तासांची आहे, हे विचारा. पेशंटचं खरं वजन माहीत असेल तर आपणहून सांगा, अंदाज असेल तर अंदाज आहे म्हणा. बाहेरून औषध आणलं तर सिस्टरच्या हातात देताना बाटलीवरचा आकडा तिच्यासमोर मोठ्यानं वाचा. यात तिचा अपमान होत नाही. मला तरी झाला नसता.

दर वर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन येतो. २०२२ मध्ये त्याचा विषयच औषधांची सुरक्षितता हा होता. आमच्याकडे त्या दिवशी पोस्टर लागतात, रांगोळी काढतात, मुली फार मन लावून काढतात. येत्या १७ तारखेला एखाद्या रुग्णालयानं इन्सुलिन, पोटॅशियम, हेपारिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या चार औषधांचा सह्या झालेला तक्ता प्रत्येक वॉर्डाच्या औषधाच्या कपाटावर, डोळ्यांच्या उंचीवर लावावा. मी तो मांडून पाहिला आहे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या दोन ताकदी, ४० ते ९० किलोपर्यंतची वजनं, पाचपाचच्या टप्प्यांनी. मोठ्या अक्षरांत, चष्मा नसताना वाचता येईल असा, एका पानात बसतो.